धुरामागचं बटण

केसरने मासळीची पाटी पायरीवर टेकवली आणि वरचं ओलं फडकं काढायच्या आधीच विचारलं, "बाय, त्या बटन कुठं व्हता?" दुर्गाने पुढे केलेलं ताट हातात तसंच राहिलं. एरवी केसर आल्या आल्या मासळीचं नाव घेई, मग ती ताजी असल्याची एकवीरेची शपथ, मग घासाघीस, आणि सगळ्यात शेवटी घरची चौकशी. आज तिने यातलं काहीच केलं नाही. लुगड्याचा काष्टा सावरत ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईने बघावं तशी दुर्गाकडे बघत राहिली. "कसलं बटण?" दुर्गाने विचारलं. "तू पेपरात लिवलास त्या. पिक्चरमधला. आपला शिपाई मेलेल्या जपान्याचे कोटाला बटन लावतं. शेजारच्या सगुणाने मना वाचून दावला. म्हनून मी काल गेल्ये. शेवटपरत बसल्ये. मना तं दिसला न्हाय." दुर्गा हसली. "अगं, मधे डोळा लागला असेल तुझा." केसर हसली नाही. "माजा डोला? दिवाली गेल्यापासून माजा डोला लागला न्हाय, बाय."

दुर्गाला आपल्या हसण्याची लाज वाटली. केसरचा मुलगा कान्हा पलटणीत होता, आणि त्याची पलटण नेफात, आसामपलीकडच्या चीनच्या सरहद्दीवर. दिवाळीच्या आधी त्याचं पत्र आलं होतं, त्यात थंडीबद्दल दोन ओळी होत्या आणि सुक्या जवळ्याची आठवण. पुढे चिनी आले, लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं गेलं, आणि मग कोळीवाड्यात तार आली. तारेत कान्हा मेला असं नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं; बेपत्ता आहे असं होतं. हा शब्द केसरला सुनेने तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेऊन समजावला होता, तरी ती तो कधी उच्चारत नसे. ती म्हणे, "कान्हाचा काय समजला न्हाय अजून." समुद्रावर गेलेल्या होडीबद्दल म्हणावं तसं. आणि आता दुर्गाच्या ध्यानात आलं की ही बाई काल पत्र्याच्या थिएटरात करमणुकीसाठी गेलीच नव्हती. ती एक गोष्ट बघायला गेली होती. आपला शिपाई त्यांच्या मेलेल्याला बटण लावतो, तर त्यांचाही कुणी आपल्याला लावत असेल. एवढंच बघायला ती गेली होती. "रीळ कापलं असेल," दुर्गा म्हणाली. "जुनी चित्रं अशीच तुटकी येतात. मी आज दुपारी जाते आणि बघते. तो प्रसंग आहे, केसर. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

तिने पाहिलाच होता. नसता पाहिला तर लिहिला नसता. अंबाजींच्या साप्ताहिकात, कोर्टाच्या नोटिसा, सुपारीचे भाव आणि रेवसच्या लाँचच्या वेळा यांच्यानंतर, शेवटच्या पानावरच्या कोपऱ्यात तिचं सदर येई: 'पुन्हा पाहावं असं'. ती मुलींच्या शाळेत मराठी शिकवी, आणि हे सदर तिने हौसेने सुरू केलं नव्हतं, अंबाजींनी ते तिच्या गळ्यात घातलं होतं. वाचनालयात एकदा ती एका साध्या विनोदी बोलपटाबद्दल बोलत होती. बँडमास्तरची तुतारी हरवते अशी ती गोष्ट. दुर्गा सांगत होती की तो बोलपट तिसऱ्यांदा बघायचा तो बँडच्या मागच्या रांगेतल्या झांजवाल्यासाठी, कारण सगळे हसतात तेव्हा त्या बिचाऱ्याला विनोद कळत नाही आणि तो दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून मग हसतो. अंबाजी मागे उभे राहून ऐकत होते. "बाई, हे असंच लिहून द्या," ते म्हणाले. अलिबागला नवे चित्रपट येतच उशिरा, आणि येत ते मुंबईने चघळून टाकल्यावर. मग नव्याचं कौतुक कशाला करायचं, परत आलेल्याच चित्रांबद्दल लिहावं, असं तिने ठरवलं. पहिल्यांदा आपण गोष्ट बघतो, दुसऱ्यांदा माणसं बघतो, असं ती लिही. रडक्या घरगुती चित्रातली सासू भांडताना साडीची घडी किती नीट घालते ते बघा, असं ती लिही. लोक हसत, पण जात. बाजारात बायका तिला अडवून विचारीत, बाई, या आठवड्याचं परत बघण्यासारखं आहे का हो?

मग चीनची लढाई झाली. कोपऱ्याकोपऱ्यावर संरक्षण निधीच्या पेट्या लागल्या, मुली गणवेशावर तिरंगी फीत लावून येऊ लागल्या, आणि अंबाजी एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभे राहिले. "बाई, या वेळी युद्धपट सुचवा. लोकांचं रक्त तापलं पाहिजे. निधीसाठी थिएटरात एक जुनं चित्र लावायचं घाटतंय, तुमच्या शाळा समितीच्या दादांनी मनावर घेतलंय. तुम्ही सांगाल ते लावू." तिने तीन लिहिले. एक आरमारी बोटीवरच्या आचाऱ्याचा, जो लढाईभर एकाच पातेल्याला जपतो. एक परदेशी, ज्यात रेल्वेच्या फलाटावर एक बाई नवऱ्याची वाट बघते आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या आधी बुटांकडे बघते. आणि तिसरा 'जंगल की चौकी', बर्मातल्या लढाईवरचा जुना हिंदी बोलपट. त्याबद्दल तिने सगळ्यात जास्त लिहिलं. युद्धपट बघताना तोफांकडे बघू नका, तोफा सगळ्या चित्रांत सारख्याच असतात, असं तिने लिहिलं. चौकीवरचा हल्ला संपल्यावर धूर विरतो, आणि एक शिपाई पडलेल्या जपान्याच्या खिशात सुईदोरा आणि एक बटण सापडलं म्हणून ते त्याच्या कोटाला लावत बसतो. या एका प्रसंगासाठी हा बोलपट जितक्यांदा येईल तितक्यांदा पाहावा, असं तिने लिहिलं. लिहिताना तिला एकही शब्द खोडावा लागला नव्हता.

दुपारच्या खेळाला ती एकटीच गेली. शनिवारी, पहिल्या खेळाच्या दिवशी, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमी होत्या म्हणून तिला जाता आलं नव्हतं. थिएटरात बायकांच्या बाजूला ती कडेच्या बाकावर बसली. पत्रा तापला होता, शेंगदाण्याची टरफलं पायाखाली कुरकुरत होती. पहिलं गाणं आलं, ते तिला पाठ होतं. सुभेदार आला, त्याच्या मिशा तिला आठवत होत्या तशाच होत्या. चौकीवर रात्र पडली, हल्ला झाला, तोफा धडधडल्या, पांढरा धूर पडदाभर पसरला आणि तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता. धूर पडद्यावर बराच वेळ राहिला, वाद्यं चढत गेली. आणि धूर विरला तेव्हा समोर दिवस होता, ट्रक होता, सुभेदार नकाशा उघडत होता. तिने मान वळवून मागच्या झरोक्याकडे बघितलं. रीळ उडलं असणार. आता लोक शिट्ट्या मारतील. पण कुणीही शिट्टी मारली नाही. ट्रक चालू लागला आणि गोष्ट जिथून जायची तिथून जात राहिली.

खेळ संपल्यावर ती मागच्या लोखंडी जिन्याने ऑपरेटरच्या खोलीत गेली. सदा ऑपरेटर रिळं डब्यात घालत होता. "सदा, धुरानंतरचं काही कापलंय का?" "न्हाय बाई. मुंबईहून आलं तसंच्या तसं चालवतो. एक सांधा न्हाय त्या रिळात, बघा." त्याने रीळ उजेडात धरून दाखवलं. मग तिच्या तोंडाकडे बघून तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या बटणाचं म्हणता ना? कालपासून चार जण विचारून गेले. पायजे तर मी सांगतो लोकांना, रीळ तुटलं व्हतं म्हणून. माझं काय जातंय?"

ती समुद्रावर आली. ओहोटी होती, पाणी किल्ल्याच्या पलीकडे सरलं होतं आणि ओल्या वाळूवरून माणसं किल्ल्यापर्यंत चालत जात-येत होती. सुरूच्या झाडांखाली ती बसली. जिन्यावरून उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी, तसं तिला वाटत होतं. प्रसंग तिला आताही दिसत होता. वाकलेली मान दिसत होती, दोरा ओढताना वर गेलेला कोपर दिसत होता. हे जर पडद्यावर नव्हतं तर तिने बघितलं कुठे? आणि हे नव्हतं तर तिने बघितलेलं बाकीचं तरी होतं कशावरून? तो झांजवाला होता का? फलाटावरची बाई बुटांकडे बघत होती का, की तेही तिनेच आपल्या मनाने भरलं होतं, रिकाम्या घरात संध्याकाळी एकटीने जेवणारी बाई जशी समोरच्या भिंतीशी काहीबाही बोलते तसं? ती पुन्हा त्या वाकलेल्या शिपायाकडे बघू लागली. तो कुठला नट होता? तिने त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि तिच्या ध्यानात आलं की त्या शिपायाचा चेहरा तिला कधी समोरून दिसलाच नव्हता. तो दिसत होता कडेने, कानापासून गालापर्यंत, जसा शेजारच्या खुर्चीतला माणूस दिसतो.

विश्वंभर. तिने मनातल्या मनात नाव घेतलं आणि त्याबरोबर भाऊच्या धक्क्याचा वास आला, डिझेलचा आणि कुजक्या मासळीचा. लढाई संपल्यावर तो घरी आला आणि पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. लढाईत तो बर्मात होता, जखमींना उचलून आणणाऱ्या तुकडीत. आल्यावर कोर्टात कारकून झाला. त्या चार वर्षांबद्दल तो घरात एक अवाक्षर बोलला नाही. तिच्या भावाने एकदा जेवताना कौतुकाने विचारलं तर ताटावरून उठून गेला. पण युद्धपट आला की त्याला राहवत नसे. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या लाँचने रेवसहून मुंबईला जायचं, दुपारचा खेळ बघायचा आणि संध्याकाळच्या लाँचने परत यायचं. त्याच त्या चित्राला पुन्हा जायचं. लोकांना वाटे, नवी नवरी, तिला मुंबई दाखवतोय. आणि अंधार झाला की तो बोलू लागे. तिच्याकडे न बघता, मान किंचित झुकवून, ओठ तिच्या कानाशी आणून. "असे पडत नाहीत." "मरताना कुणी इतकं बोलत नाही." "चिखल कुठाय? यांच्या लढाईत चिखलच नाही." दिवे लागले की गप्प. लाँचवर गप्प. घरी गप्प. त्याचा आवाज तिने खऱ्या अर्थी ऐकला तो थिएटरांच्या काळोखातच. 'जंगल की चौकी' पहिल्यांदा आला तेव्हा, पडदाभर धूर झाला, वाद्यं चढली आणि तो बोलू लागला. या वेळी तो चूक काढत नव्हता. तो सांगत होता. समोर नुसता पांढरा धूर होता, बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्या पांढऱ्यावर तिने ते सगळं बघितलं. शेवटी तो म्हणाला होता, "घरी गेल्यावर हे विचारू नकोस." तिने विचारलं नाही, आणि या एका बोलपटाला ती दोघं पुन्हा गेली नाहीत. पुढे सहा वर्षांनी कावीळ झाली आणि तो गेला, तोवर विचारलं नाही, आणि नंतर विचारायला कुणी राहिलं नाही. न विचारलेली ती गोष्ट तिच्या आत पडून राहिली आणि बोलपटाला चिकटली. बारा वर्षं ती तो प्रसंग बोलपटातलाच समजून चालली होती.

पाणी परत येऊ लागलं होतं. किल्ल्याकडून येणारी माणसं लुगडी, धोतरं वर धरून घाईने चालत होती. दुर्गाच्या मनातली मघाची भीती गेली होती, आणि तिच्या जागी जे आलं होतं त्याला दुःख म्हणता आलं नसतं. तो राग होता. कशावर ते तिला लगेच कळलं नाही. गावात इतक्या जणांनी दोन दिवस तो प्रसंग शोधला, आणि तो पडद्यावर नव्हता; पडद्यावर नकाशा होता, मिशा होत्या, झेंडा होता. जे खरोखर घडलं होतं ते कुणीही काढलं नव्हतं. जे घडलं ते एका कारकुनाने बायकोच्या कानात सांगितलं आणि गप्प बसला, आणि तेवढ्यावर संपलं. का म्हणून संपावं?

दादांनी तिला दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत कचेरीत बोलावलं. शाळेच्या समितीचे ते अध्यक्ष होते. चौल रस्त्याला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती आणि गाव त्यांना नुसतं दादाच म्हणे. माणूस वाईट नव्हता. निधीच्या पहिल्या सभेत त्यांनी आपल्या बायकोच्या हातातल्या पाटल्या सगळ्यांदेखत पेटीत टाकल्या होत्या आणि टाकताना त्यांचे डोळे भरून आले होते. अंबाजी शेजारी अवघडून बसले होते. "बाई, बसा," दादा म्हणाले. "तुमच्यावर माझा राग नाही. पण लोक मला विचारतायत. तिकडे आपली पोरं बर्फात पडलीत, आणि आपल्या शाळेच्या बाई लिहितात की शत्रूच्या कोटाला बटणं लावणारा शिपाई बघायला जा? बरं, तसा प्रसंगही त्यात नाही म्हणे."

"मेलेल्याच्या कोटाला, दादा."

"मेलेला असला तरी शत्रूच की तो! अहो, वेळ कसली आहे! मुलींच्या मनावर काय परिणाम होतो?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "मी मजकूर करून ठेवलाय. अंबाजी येत्या अंकात छापतील. तुम्ही खाली सही करा, विषय मिटला. जूनमध्ये मोठ्या बाई निवृत्त होतायत, तुमचं नाव मीच पुढे करणार आहे. उगाच गालबोट नको."

तिने वाचलं. 'सदर बोलपटात असा प्रसंग नाही. तो माझ्या सदोष स्मरणाचा व कल्पनेचा खेळ होता. वाचकांनी क्षमा करावी.' तिने कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि बोट पहिल्या वाक्यावर टेकवलं. "एवढं खरं आहे. एवढं छापा, मी सही करते. पुढचं खोटं आहे."

"खोटं कसं? बोलपटात नाही म्हणता, मग तो प्रसंग आला कुठून?"

दुर्गाने वर बघितलं. भिंतीवर घड्याळ होतं, कॅलेंडर होतं, बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. विश्वंभरने जे उजेडात कधी सांगितलं नाही ते इथे, या टेबलापाशी, स्वतःच्या बचावासाठी ती सांगणार नव्हती. "घडलेला आहे," ती म्हणाली. "कुठून आला ते मी इथे सांगणार नाही. आणि क्षमा मागणार नाही."

"बाई, जरा समजून घ्या," अंबाजी कळवळून म्हणाले. "चार ओळींचा प्रश्न आहे. लोक आठ दिवसांत विसरतील."

"म्हणूनच," दुर्गा म्हणाली आणि उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला मागून दादांचा आवाज आला, दुखावलेला, काहीसा थकलेला: "मग समितीला विचार करावा लागेल, बाई. आणि सदर आता बंद." तिने वळून नमस्कार केला. ती वर्गात गेली. फळ्यावर तिने तारीख लिहिली ती वाकडी आली, आणि ती तिने तशीच राहू दिली.

पुढचे तीन-चार दिवस केसर फिरकली नाही. दुर्गा रोज सकाळी दाराशी ताट घेऊन उभी राही आणि मग आत येऊन आमटीभात करी. केसर आली की काय सांगायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. रीळ तुटलं म्हणावं? सदा साक्ष द्यायला तयार होता. केसर सुखाने झोपली असती. दुर्गाला ते सोपं उत्तर इतकं जवळ दिसे, की तोंडात आलेला घास थुंकून टाकावा तसं ते तिला पुन्हा पुन्हा टाकावं लागे. का टाकायचं, एका आईची झोप तुझ्या खरेपणापेक्षा हलकी आहे का, असं ती स्वतःला विचारी. पण रीळ तुटलं म्हटलं की ते सगळं सिनेमाच झालं असतं. नटाने केलेलं. रंग लावून, पगार घेऊन केलेलं. केसर खुळी नव्हती. सिनेमात बटण लावलं म्हणून नेफातल्या बर्फात कुणी लावील, हा धीर तिला किती दिवस पुरला असता? आणि दुसरीकडे विश्वंभर होता. विचारू नकोस, एवढंच तो म्हणाला होता. सांगू नकोस असं म्हणाला नव्हता. पण दोन्हींत फरक करणारी ती कोण? एक मेलेला माणूस आणि एक बेपत्ता पोरगा यांच्यामध्ये ती इतके दिवस उभी होती आणि दोघेही काही बोलत नव्हते.

शुक्रवारी केसर आली. पाटी नव्हती. "बाय, रविवारी शेवटचा दिवस हाय त्या पिक्चरचा," ती म्हणाली. "मी परत जातंय. तू येतस माज्यासंगं? तू बोट करून दाव, मंग मना दिसल." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. दुर्गा एवढंच म्हणाली, "येते."

रविवारी दुपारी थिएटर गच्च भरलं होतं. शाळेच्या मुलींना दादांनी आणलं होतं, त्या पुढे जमिनीवर बसल्या होत्या. स्वतः दादा खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत. केसर हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून आली होती, देवळात जावं तशी. दोघी बाकावर खेटून बसल्या. दिवे गेले. गाणं झालं, मिशा झाल्या, चौकीवर रात्र पडली. तोफा सुरू झाल्या तशी केसरने तिचा हात धरला. मासळी कापून चिरा पडलेला, खरखरीत हात. "आता?" केसर कुजबुजली. पडदा पांढरा होऊ लागला. "आता," दुर्गा म्हणाली, आणि उभी राहिली.

उभं राहायचं तिने ठरवलं नव्हतं. केसरच्या कानात सांगावं, जसं तिच्या कानात सांगितलं गेलं होतं, एवढंच मनात होतं. पण ओठ कानाशी नेताना तिला वाटलं, पुन्हा कानातच? पुन्हा एकीच्याच? "मंडळी," ती वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "तो प्रसंग आता इथे आहे." कुणीतरी ओरडलं, "ए, खाली बसा!" एक शिट्टी आली. पुढच्या रांगेतलं एक डोकं मागे वळलं, ते दादांचं होतं. "माझे यजमान बर्मात होते," ती म्हणाली. तोफांत तिचा आवाज बुडत होता. "विश्वंभर त्यांचं नाव. कोर्टात होते, तुमच्यातले कितीतरी जण ओळखायचे त्यांना. असाच हल्ला झाला. सकाळी धुकं होतं—" तेवढ्यात तोफा गप्प झाल्या. पडद्यावर धूर होता, पण आवाज नव्हता. वर खोलीत सदाने आवाज बंद केला होता. साऱ्या थिएटरात नुसता यंत्राचा खटखटाट उरला, आणि दुर्गाला आता ओरडावं लागलं नाही.

"एक जपानी पडला होता. त्याच्या खिशात कागद असतील तर काढून आण, असा ह्यांना हुकूम होता. कागद नव्हते. एका पुडीत सुई होती, तिच्यात दोरा ओवलेला, आणि एक बटण. त्याच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण तुटलेलं होतं. घरून कुणीतरी दिलं असणार, लाव म्हणून. त्याला सवड झाली नसेल. हे तिथे चिखलात बसले आणि त्यांनी ते लावलं. दोनदा सुई बोटात गेली. हवालदार शिव्या देत होता, चल म्हणून. शेवटची गाठ नीट बसेना, म्हणून दोरा दाताने तोडला. मग त्याचा कोट गळ्यापर्यंत नीट लावला आणि उठले." तिने पडद्यावरच्या धुराकडे बोट केलं. "हे या बोलपटात नाही. यात असायला हवं होतं. मी पेपरात लिहिलं ते चुकीच्या ठिकाणी लिहिलं, पण खोटं लिहिलं नाही. त्याची क्षमा मी मागणार नाही. त्या जपान्याच्या आईला माझा नवरा दुश्मनच होता. त्या दुश्मनाने बटण लावलं."

जमिनीवरच्या मुली माना वळवून तिच्याकडे बघत होत्या, आणि पडद्यावरचा पांढरा उजेड त्यांच्या तोंडांवर पडला होता. मग अंधारात केसरचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा, बाजारातला. "मंग त्या आयला समजला का?"

"नाही," दुर्गा म्हणाली. "तिला कधीच कळलं नसेल, केसर."

"न्हाय समजला," केसर म्हणाली. "पन लावला."

धूर विरला. दिवस उगवला, ट्रक आला, सदाने आवाज पुन्हा सोडला आणि सुभेदार मधूनच बोलू लागला. दुर्गा खाली बसली. केसरने आपल्या पदराने तिच्या कपाळाचा घाम पुसला, लहान मुलीचा पुसावा तसा, आणि दोघी पुढे झेंडा वर जाईपर्यंत बघत राहिल्या.

बाहेर ऊन कललं होतं. लोक तिच्या बाजूने जाताना वाट सोडत होते. कुणी मान खाली घालून, कुणी रोखून बघत. एक म्हातारा थांबला आणि हात जोडून पुढे गेला. "भर लढाईत असली थेरं!" असंही कुणीतरी मागून म्हणालं, आणि त्यावर कुणी हसलं. दादा फाटकाशी उभे होते. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "बाई," ते म्हणाले, "विश्वंभर माझ्याशी कधी बोलले नाहीत हे. इतकी वर्षं कोर्टात माझी कामं करायचे."

"माझ्याशीही एकदाच बोलले."

"तुम्ही परवानगी न घेता भर थिएटरात... समितीपुढे मला हे ठेवावंच लागेल. उद्या शाळेत—"

"उद्या पहिला तास माझा आहे, दादा," दुर्गा म्हणाली. "मी वेळेवर येईन. समितीने काय ते ठरवावं. कागदावर सही मात्र मिळणार नाही."

दादा तिच्याकडे बघत राहिले, मग केसरकडे, मग काठी उचलून रस्त्याला लागले. केसरचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती तिकिटाच्या खिडकीकडे बघत होती. तिथे संध्याकाळच्या, शेवटच्या खेळाची रांग लागायला लागली होती. तिने वेणी चाचपली, पदर कमरेला खोचला.

"चल बाय," ती म्हणाली, "परत बघू. आता मना दिसल."

आणि दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.